पडद्यासाठी संगीत संकलन आणि जुळणी शिकायची असेल तर: बेळगाव सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

चित्रपट, मालिका किंवा माहितीपट यांसाठी संगीताचे तुकडे निवडणे, ते प्रसंगाच्या लांबीला बेतणे आणि पडद्यावरील हालचालीशी फ्रेमच्या अचूकतेने जुळवणे, हे काम आपल्याकडे प्रामुख्याने ध्वनीच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते. त्यामुळे ज्याला हे शिकायचे आहे त्याने ‘संगीत’ या शीर्षकाखाली शोध न घेता ‘साउंड रेकॉर्डिंग अँड साउंड डिझाइन’ या नावाने चालणारे अभ्यासक्रम पाहावेत. १९६० साली स्थापन झालेली पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, म्हणजे एफटीआयआय, आणि कोलकात्याची १९९५ सालची सत्यजित रे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट या केंद्र सरकारच्या दोन संस्थांत तो तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तसेच हल्याळ, जोयडा, भालकी, औराद या भागांतील मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने या प्रवेशात दोन गोष्टी निर्णायक ठरतात: एसएसएलसीनंतर, म्हणजे कर्नाटकातील दहावीनंतर, त्याने कोणते विषय घेतले, आणि त्याच्या हातातील दाखला कोणत्या सरकारच्या नमुन्यातील आहे. कान तयार असूनही या दोहोंपैकी एकावर अर्ज बाद होऊ शकतो, म्हणून पुढील माहिती मुख्यतः याच दोन गोष्टींभोवती दिली आहे.

पात्रता: निर्णय पीयूसीच्या वेळीच होतो

या अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, परंतु बारावीच्या पातळीवर, म्हणजे आपल्याकडील द्वितीय पीयूसीला, भौतिकशास्त्र हा विषय असावा लागतो. पदवी मराठीची असो, वाणिज्याची असो किंवा संगीताची, त्याने अडत नाही. अडते ते पीयूसीला कला किंवा वाणिज्य शाखा घेतल्यामुळे. सीमाभागात मराठी माध्यमातून एसएसएलसी झालेली मुले, पीयूसी विज्ञान इंग्रजीतून असते या धास्तीने पुष्कळदा कला शाखेकडे वळतात आणि हे दार सोळाव्या वर्षीच बंद होते, याची जाणीव त्यांना पदवीनंतर होते. पीसीएमबी, पीसीएमसी यांसारख्या सर्व विज्ञान गटांत भौतिकशास्त्र असतेच. ज्याला पुढे संगीतच करायचे आहे, त्याने विज्ञानातून पीयूसी करून नंतर धारवाडला किंवा कोल्हापूरला संगीताची पदवी घेणे हा माझ्या मते या कामासाठी सर्वांत सोयीचा मार्ग आहे, जरी घरच्यांना तो उलटा वाटत असला तरी.

एसएसएलसीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका आणि तेथून थेट अभियांत्रिकी पदवी असा मार्ग घेतलेल्यांनी, पदविकेतील भौतिकशास्त्र बारावीच्या समकक्ष मानले जाईल का, हे संस्थेच्या प्रवेश विभागाला ईमेलने विचारून लेखी उत्तर जपून ठेवावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, एखादा विषय नंतर स्वतंत्रपणे उत्तीर्ण होता येतो. मात्र त्या गुणपत्रिकेच्या ग्राह्यतेबद्दलही अशीच आगाऊ विचारणा करावी. दूरध्वनीवर मिळालेले तोंडी आश्वासन छाननीच्या दिवशी उपयोगी पडत नाही. पदवीच्या अंतिम वर्षात असलेल्यांना निकालाच्या अटीवर अर्ज करता येतो, पण निकालपत्र सादर करण्याची मुदत त्या वर्षीच्या सूचनेत पाहून आपल्या विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी ताडून घ्यावी.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा किंवा विशारद या परीक्षा सीमाभागात अनेक विद्यार्थी देतात. ही प्रमाणपत्रे पात्रतेसाठी मागितली जात नाहीत. त्यांच्या तयारीचा उपयोग होतो तो प्रत्यक्ष कामात.

भौतिकशास्त्राची अट कशासाठी

ही अट केवळ औपचारिक नाही, हे कामाचे स्वरूप पाहिल्यावर लक्षात येते. चित्रपटगृहासाठी चित्र सेकंदाला २४ फ्रेम या गतीने चालते, तर भारतातील दूरचित्रवाणीची गती २५ फ्रेम आहे. प्रत्येक फ्रेमला तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम असा चार भागांचा टाइमकोड असतो, आणि संगीताचा प्रत्येक तुकडा कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे त्याच भाषेत लिहिले जाते. समजा, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीतील केरव्याचा, म्हणजे आठ मात्रांच्या तालाचा, तुकडा एका प्रसंगाखाली ठेवला आहे आणि प्रसंग सुरू झाल्यापासून बरोबर १७ सेकंदांनी दार आपटते. या लयीत १७ सेकंदांत ३४ मात्रा होतात, म्हणजे चार आवर्तने संपून पुढे दोन मात्रा उलटतात आणि दार पाचव्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर आपटते. ते समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यावयाचे असेल तर त्याच १७ सेकंदांत ३२ मात्रा बसवाव्या लागतील, म्हणजे लय सुमारे ११३ करावी लागेल. २४ फ्रेमच्या चित्रात १२० लयीची एक मात्रा नेमक्या १२ फ्रेमची असते, पण २५ फ्रेमच्या चित्रात ती साडेबारा फ्रेमची होते आणि दर दुसरी मात्रा दोन फ्रेमांच्या मध्ये पडते. तबल्याचा हिशेब ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्याला हे गणित अवघड नाही, आणि आपल्याकडील भजनी मंडळांत वाढलेल्या मुलांची ही बाजू बहुधा पक्की असते.

लयीच्या पलीकडचे गणित मात्र विज्ञानाचे आहे. सीडीच्या दर्जाचे संगीत सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी साठवलेले असते, तर चित्रासोबतच्या ध्वनीसाठी ४८,००० नमुने हे प्रमाण आहे. योग्य रूपांतर न करता पहिली फाइल दुसऱ्या प्रकल्पात वाजवली, तर संगीत सुमारे ८.८ टक्के अधिक वेगाने धावते आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वर चढते. हार्मोनियमवरील काळी चारची गायकी पांढरी सहाच्या आसपास जाते. २४ फ्रेमचे चित्र दूरचित्रवाणीसाठी २५ फ्रेमने चालवले की संगीतही सुमारे चार टक्के पुढे पळते. शिवाय संवाद, संगीत आणि इतर ध्वनी यांचे वेगवेगळे गट करून द्यावे लागतात, कारण दुसऱ्या भाषेत डबिंग करताना संवाद काढून बाकीचे तसेच ठेवायचे असतात. प्रवेशाची तयारी करणाऱ्याने कंपनसंख्या, डेसिबल, परावर्तन, प्रतिध्वनी आणि मायक्रोफोनचे प्रकार हे पीयूसीच्या पुस्तकातील भाग या नजरेने पुन्हा वाचावेत.

कागदपत्रे: राज्याचा दाखला आणि केंद्राचा दाखला

एफटीआयआय पुण्यात असली तरी ती महाराष्ट्र शासनाची संस्था नाही. ती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तेथे देशभरातील उमेदवारांसाठी एकच प्रवेश परीक्षा असते. म्हणून तेथे कर्नाटकाचा रहिवासी असणे आड येत नाही आणि महाराष्ट्राचा अधिवास दाखलाही लागत नाही. वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांपैकी एखाद्या गावाचे रहिवासी असल्याचे आणि मातृभाषा मराठी असल्याचे दाखले महाराष्ट्र शासनाच्या अभियांत्रिकीसारख्या प्रवेश प्रक्रियांत उपयोगी पडतात; केंद्रीय संस्थेच्या अर्जात त्यांना जागा नाही. तसेच घटनेच्या कलम ३७१ (जे) खालील, कल्याण कर्नाटकासाठीच्या आरक्षणाचा दाखला सीमाभागापैकी बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना मिळतो, बेळगाव किंवा उत्तर कन्नड जिल्ह्याला तो लागू नाही, आणि बीदरच्या विद्यार्थ्यालाही तो कर्नाटकातील प्रवेश व नोकऱ्यांपुरताच कामाचा आहे.

खरी अडचण इतर मागासवर्गाच्या दाखल्यात येते. नाडकचेरीतून, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयातून, मिळणारा, प्रवर्ग १, २अ, ३अ, ३ब असे लिहिलेला जात व उत्पन्नाचा दाखला हा कर्नाटक राज्याच्या आरक्षणासाठी असतो. केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातील, उन्नत स्तरात (क्रीमी लेयरमध्ये) न मोडणाऱ्या ओबीसीचा दाखला लागतो, आणि तो आपली जात कर्नाटकासाठीच्या केंद्रीय यादीत असेल तरच मिळतो. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही, त्यामुळे अर्जात प्रवर्ग निवडण्यापूर्वी केंद्रीय यादी स्वतः पाहावी. नाडकचेरीत, बेळगाव वन केंद्रात किंवा ग्राम वनमध्ये अर्ज देताना केंद्रीय ओबीसी दाखला हवा असे स्पष्ट सांगावे, अन्यथा नेहमीच्या सवयीने राज्याचाच दाखला हाती पडतो. उन्नत स्तराची मर्यादा वार्षिक ८ लाख रुपये आहे, मात्र आई-वडिलांचे वेतन आणि शेतीचे उत्पन्न या मर्यादेसाठी त्यात मिळवले जात नाही.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचा हिशेब नेमका याच्या उलट आहे. तेथे वेतन, शेती, व्यवसाय असे सर्व उत्पन्न धरून ८ लाखांच्या आत असावे लागते, आणि कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असले तरी दाखला मिळत नाही. खानापूर किंवा जोयड्याच्या डोंगराळ भागात पाच एकर जमीन असणे म्हणजे श्रीमंती नव्हे, पण नियमात कोरडवाहू आणि बागायत असा भेद नाही. हा दाखला मागील आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर दिला जातो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा.

वडील मूळचे चंदगड, गडहिंग्लज किंवा आजऱ्याचे आणि नोकरीधंद्यासाठी बेळगावात आलेले, अशी कुटुंबे सीमाभागात पुष्कळ आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत दर्जा मूळ राज्याच्या यादीप्रमाणे ठरतो. स्थलांतरित कुटुंबातील मुलाला वडिलांच्या मूळ राज्यातील दाखल्याच्या आधारे स्थलांतराच्या स्वतंत्र नमुन्यात दाखला घ्यावा लागतो. त्यासाठी वडिलांचा जुना जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जमिनीचा उतारा शोधून ठेवावा, आणि दोन तहसील कार्यालयांत ये-जा करावी लागेल हे धरून प्रवेशाची सूचना येण्याच्या कितीतरी आधी सुरुवात करावी.

बाकीची कागदपत्रे साधी आहेत: एसएसएलसीचे मार्क्स कार्ड जन्मतारखेसाठी, पीयूसीचे मार्क्स कार्ड भौतिकशास्त्रासाठी, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, आधार, छायाचित्र आणि स्वाक्षरी. नावाकडे मात्र लक्ष द्यावे. शाळेच्या नोंदीत आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि पदवीच्या कागदावर वडिलांच्या नावाऐवजी केवळ आद्याक्षर, असे तीन कागदांवर तीन प्रकार सर्रास आढळतात. एसएसएलसीवरील नाव प्रमाण मानून आधार त्याप्रमाणे दुरुस्त करणे हा कमी त्रासाचा उपाय आहे, कारण मार्क्स कार्डातील दुरुस्ती शाळेमार्फत मंडळाकडे जाते आणि तिला वेळ लागतो. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या इंग्रजी कागदांवर वेगळे स्पेलिंग असते. त्यासाठी प्रतिज्ञापत्राची गरज नाही, फक्त अर्जात पत्ता आधारप्रमाणे लिहावा. कन्नडमध्ये असलेल्या दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून प्रमाणित करून मूळ प्रतीसोबत ठेवावे.

अर्ज, परीक्षा आणि दुसरा पर्याय

अर्ज ऑनलाइन भरायचा असून शुल्क, तारखा आणि परीक्षा केंद्रे दरवर्षीच्या सूचनेत दिलेली असतात. लेखी परीक्षेत वस्तुनिष्ठ आणि वर्णनात्मक असे दोन्ही प्रकारचे प्रश्न असतात, आणि त्यातून निवडलेल्यांना पुढील फेरी व मुलाखतीसाठी बोलावले जाते. परीक्षा केंद्र निवडताना बेळगावहून रात्रीच्या गाडीने पोहोचता येईल असे पुणे किंवा बेंगळुरू उपलब्ध आहे का ते पाहावे.

ज्यांना पदवीपर्यंत थांबायचे नाही त्यांनी बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील कर्नाटक शासनाच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेच्या पदविकेची चौकशी करावी. ती राज्याची संस्था असल्याने तेथे वरील सर्व हिशेब उलटतो: नाडकचेरीचा राज्य प्रवर्गाचा दाखला तेथे चालतो, आणि कर्नाटकात शिकल्याची वर्षे दाखवणारे स्टडी सर्टिफिकेट महत्त्वाचे ठरते. शिक्षणाची काही वर्षे चंदगड किंवा कागलच्या शाळेत गेली असतील, तर ती वजा करून हिशेब करावा.

शिकत असतानाच लागणारे परवान्यांचे कागद

आधीच ध्वनिमुद्रित असलेले संगीत चित्राखाली ठेवून ते प्रदर्शित करायचे असेल, तर दोन स्वतंत्र परवानग्या लागतात: एक मूळ रचनेसाठी आणि दुसरी त्या ध्वनिमुद्रणासाठी. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ नुसार रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. तुकाराम महाराजांच्या अभंगाचे शब्द कोणीही घेऊ शकतो, पण त्याची अलीकडील चाल आणि कंपनीने काढलेले ध्वनिमुद्रण घेता येत नाही. गावच्या भजनी मंडळाचे गायन स्वतः ध्वनिमुद्रित केले, तरी चाल कोणाची आहे हे विचारून गायकांची लेखी संमती घ्यावी.

वापरलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद क्यू शीटमध्ये करायची असते. त्यात तुकड्याचे नाव, संगीतकार, गीतकार, हक्कधारक, सुरुवातीचा टाइमकोड, लांबी, आणि तो पार्श्वसंगीत म्हणून आहे की पडद्यावर कोणी गाताना दिसते, एवढे तपशील येतात. स्वतः रचलेल्या संगीताची नोंदणी करणे बंधनकारक नाही, पण करायची असल्यास प्रताधिकार कार्यालयाकडे नमुना १४ मध्ये ऑनलाइन अर्ज करावा. संगीतरचनेसाठी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे. अर्जानंतर डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. त्यानंतर छाननी होते, आणि त्रुटी आढळल्यास कळवले जाते. म्हणून अर्जातील ईमेल पत्ता सायबर कॅफेवाल्याचा न देता स्वतःचा द्यावा.