उसना उजेड : उन्हातल्या पोर्ट्रेटमागची पार्श्वभूमी

भर उन्हात कुणाचं पोर्ट्रेट काढायचं तर छायाचित्रकारापुढे दोन सोपे मार्ग असतात आणि दोन्ही वाईट. माणसाला सूर्याकडे तोंड करून उभं केलं तर चेहरा उजळतो, पण डोळे किलकिले होतात, कपाळाला आठ्या पडतात. सूर्याकडे पाठ केली तर डोळे मोकळे राहतात, पण चेहरा सावलीत जातो. निरभ्र दिवशी ऊन आणि सावली यांत साधारण तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट उजेडाचा फरक असतो. आपला डोळा तो सहज सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते जड जातं. यावरचा उपाय आता कुणीही सांगेल : पाठ सूर्याकडेच राहू द्या आणि चेहऱ्यावरच्या सावलीत थोडा उसना उजेड टाका. हाच फिल लाइट.

या उपायाचा इतिहास बहुतेक ठिकाणी उपकरणांच्या अंगाने सांगितला जातो. कोणता बल्ब कधी आला, कोणता शटर किती वेगाने चालू लागला, वगैरे. मला तो कॅमेऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्याच्या बाजूने वाचावासा वाटतो, आणि त्यातही बुजऱ्या माणसाच्या. धीट माणूस डोळ्यांवर ऊन घेऊनही हसतो, दोन विनोद करतो, वेळ मारून नेतो. बुजऱ्याला ऊन, आरसा, लखलखाट, ताटकळणं यातलं काहीही पुरतं. खांदे वर चढतात, हातांचं काय करावं ते कळत नाही आणि नजर कॅमेरा सोडून सगळीकडे जाते. सावली भरण्याच्या प्रत्येक पद्धतीने अशा माणसाकडून काय काय मागितलं, हे पाहिलं की आजच्या बऱ्याच सवयींचा उगम कळतो.

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली तेव्हा प्रश्न सावलीचा नव्हताच, प्रश्न उजेड पुरण्याचा होता. चित्र जिच्यावर उमटायचं ती प्लेट इतकी मंद की काही मिनिटं हलता येत नसे. त्याच वर्षी फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचं छायाचित्र काढलं, तेही उघड्यावरच. पुढच्या वर्षी पेत्झवालने पोर्ट्रेटसाठी खास तेजस्वी भिंग आखलं आणि वेळ बराच खाली आला, तरी मान स्थिर राहावी म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावला जाई. त्या काळच्या चेहऱ्यांवर दिसणारा करारीपणा बराचसा त्या लोखंडाचा आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र समोरच्या माणसाचा विचार करून केलेली दिसते. १८४१ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेच्या छतावर रिचर्ड बियर्डने पोर्ट्रेट स्टुडिओ उघडला आणि वर निळी काच बसवली. प्लेटला निळा उजेडच लागायचा, पिवळा-लाल तिला दिसतच नसे. म्हणजे निळ्या काचेने प्लेटचं फारसं काही बिघडत नव्हतं, पण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरची तिरीप कमी व्हायची. प्रकाशाचा जो भाग चित्राच्या कामाचा नाही तो माणसावर कशाला टाकायचा, हा विचार त्यात आहे. पुढे तो बराच काळ कुणी इतक्या सरळपणे केलेला दिसत नाही.

एडिनबर्गमध्ये १८४३ पासून डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन यांनी दुसरी युक्ती केली. घरातल्या खुर्च्या, टेबलं, पडदे बाहेर आणून उघड्यावरच बैठकीची खोली मांडली. चित्रात माणूस घरात बसल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावर आभाळ असतं. न्यूहेवनच्या कोळ्यांची आणि कोळणींची त्यांची पोर्ट्रेट्स आजही ताजी वाटतात.

सावली भरण्याचं तत्त्व स्पष्टपणे हाती आलं ते मात्र सूर्याच्या नव्हे, विजेच्या उजेडात. १८६० च्या आसपास पॅरिसमध्ये नादार हा छायाचित्रकार बुन्सेन बॅटऱ्यांवर चालणारा आर्क दिवा लावून पोर्ट्रेट काढू लागला. पहिले ठसे त्याला स्वतःलाच आवडले नाहीत. काळा भाग ठार काळा आणि चेहऱ्याचे तपशील तुटल्यासारखे. मग त्याने पांढऱ्या कापडाचे पडदे लावून तोच उजेड परतवला आणि सावल्यांत दुसरा, मऊ प्रकाश सोडला. एक दिवा चेहरा घडवणार आणि दुसरा फक्त सावलीत काय आहे ते दाखवणार, ही कामाची वाटणी तेव्हापासून आजवर तशीच आहे. काचेच्या छताच्या स्टुडिओंमध्येही बसणाऱ्याच्या एका बाजूला पांढरा पडदा उभा करण्याची पद्धत रुळली.

बाहेर, साध्या लोकांच्या हातात, गाडी उलट्या दिशेने गेली. १८८८ साली कोडॅक कॅमेरा आला, १९०० साली त्याच कंपनीचा स्वस्त ब्राउनी कॅमेरा आला आणि त्यांच्याबरोबर एक नियम घरोघरी पोचला : सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असू द्या. भिंग साधं, फिल्म मंद, त्यामुळे नियम चुकीचा नव्हता. पण त्याची किंमत समोरच्याने मोजली. जुन्या अल्बमांत पिढ्यान्‌पिढ्या लोक डोळे बारीक करून उभे आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आपण 'कॅमेऱ्याला घाबरणारे' म्हणत आलो. निम्मा दोष सूर्याचा असावा.

उघड्यावर सावली भरायला खरा सराव मिळाला तो सिनेमावाल्यांना. मूकपटांच्या सुरुवातीच्या काळात बऱ्याच स्टुडिओंना छप्पर नसे. वर मलमलीचे पडदे ताणून ऊन मऊ करायचं आणि खालून चंदेरी फळ्यांनी ते चेहऱ्यावर परतवायचं. सिनेमात एका क्षणाचा फ्लॅश चालत नाही, उजेड सतत हवा. म्हणून रिफ्लेक्टरची कला इथे पिकली. तिचे तोटेही इथेच कळले. चंदेरी फळी म्हणजे दुसरा सूर्यच, फक्त खालून आलेला. सराईत नटही तिच्याकडे फार वेळ बघू शकत नाही. शिवाय ती धरणारा माणूस लागतो, आणि तो नेमका पोर्ट्रेट द्यायला आलेल्याच्या अंगावर येऊन उभा राहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी पट्टीवर ताणलेले, घडी होणारे गोल रिफ्लेक्टर मिळू लागले आणि हे सामान पिशवीत मावायला लागलं. पांढरी बाजू, चंदेरी बाजू, सोनेरी बाजू. बुजऱ्या माणसासाठी माझं मत पांढऱ्या बाजूला : उजेड कमी देते, पण डोळ्यांना टोचत नाही.

दुसरी वाट लखलखाटाची. १८८७ साली जर्मनीत मिथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर तयार केली. आवाज, धूर, ठिणग्या. पत्रकार जेकब रीसने न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या वस्त्यांत ती वापरली तेव्हा दचकलेले चेहरे हा त्या चित्रांचा भागच होऊन बसला. ही वस्तू अंधारासाठी होती. भर दिवसा फ्लॅश पेटवण्याचा विचार व्यवहार्य झाला तो १९२९-३० मध्ये बाजारात आलेल्या फ्लॅशबल्बमुळे. स्फोट काचेच्या आत गेला, धूर संपला.

वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी ही संधी उचलली. टोपीखालचा चेहरा काळा आला तर चित्र छापता येत नाही, म्हणून ते उन्हातही बल्ब उडवू लागले. पेटल्यापासून ऐन तेजाला पोचायला बल्बला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो, तेव्हा शटर तेवढं थांबून उघडेल अशी जुळणी करावी लागे. रंगीत फिल्म आली तशी निळा लेप दिलेले बल्ब निघाले, कारण साध्या बल्बचा उजेड दिवसाच्या उजेडापेक्षा पिवळा असायचा. रंगीत पारदर्शिकेला, म्हणजे स्लाइडला, उजेडाचा फरक फारच कमी सोसत असे, त्यामुळे मासिकांसाठी काम करणाऱ्यांना सावली भरणं भागच पडलं.

एक बल्ब, एक चित्र. मग गरम बल्ब काढायचा, नवा लावायचा. बुजऱ्या माणसाला या मधल्या वेळात सुटल्यासारखं वाटायचं की पुढच्या लखलखाटाची धास्ती वाढायची, हे बहुधा छायाचित्रकाराच्या बोलण्यावर ठरत असेल.

१९३१ पासून एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टनने इलेक्ट्रॉनिक फ्लॅशवर काम केलं आणि बल्ब बदलण्याची कटकट पुढे संपली. पण उन्हात एक नवा अडसर उभा राहिला, आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढची चाळीस-पन्नास वर्षं समजत नाहीत. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश क्षणभरच चमकतो. त्या क्षणी अख्खी फ्रेम उघडी हवी. फिल्मच्या अगदी पुढ्यात बसवलेल्या फोकल प्लेन शटरमध्ये दोन पडदे एकामागून एक धावतात, आणि ठरावीक वेगाच्या वर गेलं की फ्रेम पूर्ण उघडी कधीच नसते, नुसती फट सरकत जाते. कापडी पडद्यांच्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/६० सेकंदाच्या आसपास होती. आता भर उन्हाचं जुनं गणित घ्या : आयएसओ १०० च्या फिल्मला शटर १/१२५ सेकंद आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, एफ/१६ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान). शटर १/६० वर अडकलं की अ‍ॅपर्चर एफ/२२. एवढ्या लहान छिद्रामुळे मागची झाडं, खांब, येणारे-जाणारे सगळे लख्ख स्पष्ट, आणि एफ/२२ मधून पोचेल एवढा फ्लॅशचा दणका. तीन मीटरवरून सूर्याशी बरोबरी करायची तर फ्लॅशची ताकद सांगणारा गाइड नंबर (अंतर गुणिले एफचा आकडा) ६६ लागतो. सावलीत फक्त डोकावायचं म्हणून फ्लॅश दोन स्टॉप खाली ठेवला तरी ३३. छोट्या फ्लॅशला हे झेपत नाही, मग छायाचित्रकार पुढे सरकतो. पुढे सरकलेला छायाचित्रकार बुजऱ्या माणसाला काय वाटतो ते सांगायला नको.

ज्यांच्या भिंगातच पाकळ्यांचं लीफ शटर होतं ते या अडचणीतून सुटले. ते शटर १/५०० लाही फ्लॅशशी जुळतं. रोलायफ्लेक्ससारख्या जुळ्या भिंगांच्या कॅमेऱ्यांत आणखी एक फायदा होता, ज्याचा प्रकाशाशी संबंध नाही : कॅमेरा पोटाशी, छायाचित्रकाराची मान खाली. समोरच्याला आपल्यावर रोखलेला डोळा दिसत नाही.

याच घराण्यातला कॅमेरा घेऊन अमेरिकन छायाचित्रकार डायान आर्बसने १९६० च्या दशकात दिवसाउजेडी फ्लॅश वापरला, आणि उद्देश नेमका उलटा ठेवला. सावली हळूच भरण्याऐवजी माणूस पार्श्वभूमीपासून तोडून पुढे आणला. त्याच साधनाने सांभाळून घेता येतं आणि उघडंही पाडता येतं, हे तिच्या चित्रांत ठळकपणे दिसतं.

बुजरेपण आणि फिल फ्लॅश यांची गाठ सर्वांत चांगली पडली ती माझ्या मते रिनेके डेइक्स्ट्राच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पोर्ट्रेट्समध्ये. १९९२ पासून या डच छायाचित्रकर्तीने अमेरिका, पोलंड, युक्रेन अशा ठिकाणी पोहण्याच्या कपड्यांतली किशोरवयीन मुलं-मुली टिपली. तिपाईवर ४×५ इंची फिल्मचा मोठा कॅमेरा, मागे समुद्र आणि आभाळ, आणि दिवसाच्या उजेडात मिसळलेला फ्लॅश. अशा कॅमेऱ्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मुलं आपली पोज विसरतात, एका पायावर भार टाकतात, हात कुठेतरी विसावतात. फ्लॅशमुळे चेहरा आणि अंग आभाळापुढे काळवंडत नाही, म्हणून ते अवघडलेपण बारकाव्यांसह दिसतं. तिने संकोच घालवण्याचा प्रयत्नच केला नाही, त्याला नीट उजेड दिला.

फ्लॅशच नको म्हणणारे थोर छायाचित्रकारही होते. अर्व्हिंग पेनने नैसर्गिक उजेडाचा तंबू सोबत नेऊन न्यू गिनी, मोरोक्को अशा ठिकाणी लोकांची पोर्ट्रेट्स काढली. रिचर्ड अ‍ॅव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात पांढरा कागद सावलीत टांगून काम केलं, आणि तो कॅमेऱ्याच्या मागे नाही तर शेजारी उभा राहायचा. उघड्या आभाळाकडून येणारा सावलीतला उजेड इतका सपाट असतो की भरायला फारसं काही उरतच नाही. आजही बुजऱ्या माणसासाठी पहिला पर्याय तोच, फक्त अशी जागा हाताशी असायला हवी.

नसेल तर फ्लॅश, आणि त्याची आकडेमोड १९७५ नंतर कॅमेऱ्याने अंगावर घेतली. त्या वर्षीच्या ऑलिम्पस ओएम-२ ने फिल्मवरून परतणारा उजेड मोजून फ्लॅश वेळेवर बंद केला. १९८६ च्या ओएम-४टीआयने एफ२८० या फ्लॅशबरोबर १/२००० सेकंदापर्यंत मजल मारली. एकच मोठी चमक न टाकता फ्लॅश अतिवेगाने लुकलुकत राहतो, म्हणून सरकत्या फटीलाही उजेड मिळतो. तेच उन्हाचं गणित आता एफ/४ वर येतं आणि मागचा पसारा विरघळतो. १९८८ च्या निकॉन एफ-८०१ ने एसबी-२४ या फ्लॅशसोबत मागचा उजेड आणि फ्लॅश यांचा तोल आपोआप साधला. मीटर लावून चेहऱ्याजवळ घुटमळणं संपलं.

डिजिटलने एक पाऊल मागेही टाकलं. सेन्सरवरून परतणारा उजेड फिल्मसारखा मोजता येईना, म्हणून मुख्य फ्लॅशच्या आधी मोजणीपुरती छोटी चमक टाकण्याची पद्धत आली. बहुतेकांच्या ती लक्षातही येत नाही. पण काहींची पापणी फार चपळ असते. त्या पहिल्या चमकेने ती मिटते आणि चित्रात डोळे बंद येतात, सलग, प्रत्येक वेळी. असा माणूस 'माझे फोटो चांगले येतच नाहीत' म्हणून आणखी आखडतो, आणि दोष मोजणीचा असतो. उपाय सोपा : फ्लॅश मॅन्युअलवर ठेवायचा.

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनीच्या अल्फा ९ मार्क ३ ने ग्लोबल शटर आणलं. सगळे पिक्सेल एकदमच वाचले जातात, त्यामुळे १/८०,००० सेकंदापर्यंत फ्लॅश जुळतो. सिंक स्पीडचा, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या शटरच्या वेगमर्यादेचा, जुना प्रश्न तिथे मिटतो. मात्र इतक्या वरच्या वेगाला फ्लॅशच्या स्वतःच्या चमकेचा बराचसा भाग शटरबाहेर राहतो.

दरम्यान फोनने वेगळीच दिशा धरली. २०१७ मध्ये अ‍ॅपलने आणि २०२० मध्ये गूगलने चित्र काढल्यानंतर चेहऱ्यावर उजेड टाकण्याची सोय दिली. गूगलच्या पद्धतीमागे लाइट स्टेजवरच्या नोंदी आहेत : माणसाला दिव्यांच्या गोलात बसवून एकेका दिशेच्या उजेडात टिपायचं आणि त्यावरून यंत्राला शिकवायचं. समोरच्याला रिफ्लेक्टर दिसत नाही, चमक दिसत नाही, काहीच सोसावं लागत नाही. सावलीतला चेहरा यातून बऱ्यापैकी उजळतो. पण सूर्याकडे तोंड केल्याने बारीक झालेले डोळे आणि चढलेले खांदे नंतर टाकलेल्या उजेडाने उतरत नाहीत, तेव्हा पाठ सूर्याकडे करायला शटर दाबण्याआधीच सांगावं लागतं.