सपाट सावलीतला जबडा : दातांच्या क्ष-किरणचित्रणाची आणि शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये दाढ ठणकते म्हणून दवाखान्यात गेलेल्या रुग्णाच्या हाती आज पुष्कळदा औषधांआधी एक चिठ्ठी पडते आणि ‘ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र क्ष-किरण फोटो) काढून आणा’ असे सांगितले जाते. पेठ-सुरगाण्याकडून एसटीने आलेल्या माणसाला, दुखणारी दाढ एक आणि फोटो मात्र सगळ्या तोंडाचा कशाला, हा प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर सव्वाशे वर्षांत साचत आलेल्या अनुभवात आहे, आणि त्या अनुभवाचा मोठा भाग चित्रात काय दिसत नाही हे ओळखण्यात गेला आहे.

जबड्यातील गाठींवरची शस्त्रक्रिया क्ष-किरणांपेक्षा जुनी आहे. हाड फुगून इतके पातळ झाले की बोटाखाली अंड्याच्या कवचासारखे कुरकुरावे, तेव्हा आत पोकळी आहे असे शल्यविशारद ताडत असत. जर्मनीतील ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्सुआफ) येथील कार्ल पार्च यांनी १८९२ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधाच्या तीन वर्षे आधी, पाण्याच्या गाठीला (पुटीला) खिडकी पाडून तिची पोकळी तोंडात उघडी ठेवण्याची पद्धत वर्णिली. आतला दाब उतरला की भोवतीचे हाड आपोआप भरत येते, हे त्यांचे निरीक्षण आजही कामी येते. गाठीचे अस्तर संपूर्ण सोलून काढून वर टाके घालण्याची दुसरी पद्धत त्यांनी १९१० मध्ये मांडली. पुढच्या काळातील बहुतेक वाद याच दोन पद्धतींपैकी कोणती केव्हा वापरावी, या प्रश्नाभोवती फिरत राहिले.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्झबुर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच जानेवारीत ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळलेली काच तोंडात धरून ते २५ मिनिटे निश्चल पडून राहिले होते. आज त्याच कामाला सेकंदाचा काही अंश पुरतो. त्याच वर्षी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी हे तंत्र रुग्णांसाठी वापरायला घेतले. किरणांचा जोर जुळवण्यासाठी ते स्वतःचाच हात क्ष-किरणांच्या नळीसमोर धरत. त्यातून जडलेल्या कर्करोगाने त्यांची बोटे, मग हात गेला, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स गिनीपिगांवर प्रयोग करून १९०१ पासूनच या धोक्याचा इशारा देत होते, पण त्यांच्याकडे बराच काळ फारसे कुणी लक्ष दिले नाही. तंत्रज्ञाने रुग्णाजवळ न थांबता आडोशाला जाऊन बटण दाबावे, ही आजची साधी शिस्त फार मोठी किंमत मोजून आलेली आहे. भारतात यावर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले.

चित्र मिळाले, तरी ते सावलीचे होते. सावली तिरपी पडली की दात लांब किंवा आखूड दिसतो. ही लांबी खरी दिसावी म्हणून किरणांचा कोन कसा धरावा, याचा नियम पोलिश दंतवैद्य आंतोनी चेशिंस्की यांनी १९०७ मध्ये दिला. त्याहून अवघड प्रश्न खोलीचा होता. वरचा सुळा हाडातच अडकून राहिला असेल, तर तो टाळूच्या बाजूला आहे की ओठाच्या, हे एका फिल्मवरून कळत नाही. आणि ते न कळता चीर दिली तर शस्त्रक्रिया चुकीच्या बाजूने सुरू होते. यावर १९१० मध्ये सी. ए. क्लार्क यांनी सुचवलेला उपाय सोपा होता : नळी थोडी सरकवून दुसरे चित्र घ्यावे. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाताना कडेची झाडे मागे पळतात आणि पांडवलेण्यांचा डोंगर मात्र आपल्याबरोबर चालल्यासारखा भासतो; तसाच टाळूकडचा, म्हणजे नळीपासून दूरचा दात नळीच्या दिशेने सरकलेला दिसतो आणि ओठाकडचा उलट दिशेला. (वरचा सुळा काढला की नजर जाते, ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. सुळ्याचा डोळ्याच्या नजरेशी काही संबंध नाही.)

तोंडातील लहान फिल्मची मर्यादा १९६१ मध्ये खऱ्या अर्थाने ओलांडली गेली. फिनलंडच्या युर्यो पाटेरो यांच्या संशोधनावर आधारलेले, डोक्याभोवती फिरून दोन्ही जबडे एका पट्टीवर उलगडणारे ऑर्थोपँटोमोग्राफ यंत्र त्या वर्षी बाजारात आले. ओपीजी हे त्याचेच संक्षिप्त नाव. आपल्याकडे या यंत्राचा एक खास उपयोग आहे. सुपारी आणि गुटख्यामुळे ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्यांच्या दाढेमागे फिल्म बसवताच येत नाही. ओपीजी मात्र बाहेरूनच निघते. शिवाय काही विकारांचा सुगावा पुष्कळदा याच चित्रात लागतो. केराटोसिस्ट ही जबड्यातील पुटी हाडाच्या लांबीच्या दिशेने पसरते आणि जबडा फारसा फुगवत नाही, त्यामुळे दुसऱ्याच दाढेसाठी काढलेल्या ओपीजीत ती अवचित सापडते.

या गाठीचे नाव १९५६ मध्ये फिलिप्सेन यांनी रूढ केले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिला अर्बुदांच्या (ट्यूमरच्या) यादीत टाकले आणि २०१७ मध्ये पुन्हा पुटींमध्ये आणले. ही कागदावरची हलवाहलव वाटेल, पण तिच्यामागे खरी अडचण आहे : पातळ अस्तराचा तुकडा मागे राहिला तरी ही गाठ परत येते. न उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीची साधी डेंटिजेरस पुटी, केराटोसिस्ट आणि अमेलोब्लास्टोमा (जबड्यातील एक अर्बुद) हे तिन्ही विकार फिल्मवर एकसारखेच काळे दिसू शकतात. पहिली सोलून काढली की काम संपते, तर अमेलोब्लास्टोमा नुसता खरवडला तर पुन्हा उगवतो आणि बहुधा भोवतीच्या निरोगी हाडासकट कापावा लागतो. म्हणून बायोप्सीचा अहवाल हाती येण्याआधी केवळ चित्रावर विसंबून मोठी शस्त्रक्रिया ठरवणे मला उतावीळपणाचे वाटते.

अक्कलदाढेच्या बाबतीत चिंता निराळी असते. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. १९९० मध्ये रूड आणि शेहाब यांनी दाखवले की, नसेच्या नळीची पांढरी रेघ तुटणे, मुळावर काळसर पट्टा दिसणे आणि नळीने वळण घेणे ही चित्रातील लक्षणे नसेला इजा होण्याच्या धोक्याशी निगडित आहेत. अशी लक्षणे दिसली की त्रिमितीय सीबीसीटी (कोन-बीम सीटी स्कॅन) काढण्याला अर्थ आहे. हे तंत्र १९९८ मध्ये इटलीतील व्हेरोनाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. प्रत्येक सरळ उभ्या अक्कलदाढेसाठी ते सुचवले जाते, तेव्हा मात्र रुग्णाचा खर्चही वाढतो आणि किरणांची मात्राही.

नाशिकपुरते बोलायचे तर पंचवटीत १९९० च्या दशकात दंत महाविद्यालय सुरू झाले आणि १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठही याच शहरात आले. तरी एक अडचण उरतेच : केराटोसिस्टच्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षे ठराविक अंतराने ओपीजी काढून जुन्या चित्राशी ताडून पाहावी लागते. हे जुने चित्र बहुतेकदा मोबाइलवर पाठवलेल्या धूसर फोटोच्या रूपात उरलेले असते, आणि त्यावरून नवी काळी सावली आधी बारीक होती की नव्हतीच, हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.