मोगरा की कागडा? नाक नको, घड्याळ बघा

होळी झाली की मला फोन सुरू होतात. ‘आत्या, वैशाखात लग्न धरलंय. गजरे मोगऱ्याचेच सांगितलेत हं.’ सांगितलेत म्हणजे काय, तर राजवाड्याजवळ गाडी बाजूला घेऊन फुलवाल्याला ‘पन्नास गजरे, मोगऱ्याचे’ एवढं म्हणून आलेत. मग लग्नाच्या दिवशी सकाळी आठला दुसरा फोन. ‘आत्या, फसवलं मेल्यानं. डबा उघडला तर वासच नाही. कागडा दिलाय!’

यातल्या निम्म्या वेळा तो अस्सल मोगराच असतो. आणि जिथे डबा उघडल्याबरोबर खोलीभर घमघमाट सुटतो, सगळ्या जणी खूश होऊन आंबाडे पुढे करतात, तिथे कधी शिळा मोगरा निघतो, कधी चक्क अत्तर मारलेला कागडा. सातारच्या लग्नघरांत हा गोंधळ मी इतक्यांदा निस्तरलाय की आता एकदाच लिहून टाकते.

मोगरा कसा असतो ते सांगत बसत नाही. दारात एक कुंडी नाही असं घर आपल्याकडे शोधावं लागेल. साधा, बटमोगरा, हजारी, मदनबाण असे त्याचे प्रकारही तुम्हाला ठाऊक असतील. लक्षात एवढंच ठेवा की हे फूल उन्हाळ्याचं आहे. थंडीत त्याचं पाणी तोडायचं, छाटणी करायची, मग ऊन तापायला लागलं की नव्या फुटव्यांवर कळ्या धरतात. फाल्गुनात सुरुवात, चैत्र-वैशाखात भर. म्हणजे वसंतातल्या लग्नाला मोगरा मागणं अगदी रास्त आहे. पौषा-माघात मोगऱ्याचा हट्ट धरणाऱ्यांनी चढ्या भावाबद्दल तक्रार करू नये, इतकंच.

कागडा मात्र बऱ्याच जणांना नावानेच माहीत असतो, तोही शिवी दिल्यासारखा. हा कुंदाच्या गोतावळ्यातला. पांढराशुभ्र, पाकळ्या अरुंद आणि टोकदार, उमलला की चांदणीसारखा दिसतो. वास जवळजवळ नाहीच. थंडीत मोगरा रुसून बसलेला असतो तेव्हा गजरेवाल्यांचा संसार कागडा चालवतो. होळीच्या आसपास दोघेही बाजारात एकाच वेळी असतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

दिसण्यातला फरक दोन ओळींत संपतो. मोगऱ्याची कळी आखूड, फुगीर, मोत्यासारखी. कागड्याची कळी सडपातळ, तांदळाच्या लांब दाण्यासारखी. मदनबाण लांबट असतो म्हणून फसायला होतं, पण तो अंगाने भरलेला असतो, कागडा किडकिडीत. पानांवरून ओळखा असं सांगणारे शहाणेही भेटतात. गजऱ्याला पानं कुठून आणायची?

आता मुद्द्याचं. सगळे म्हणतात, ‘सोपं आहे, मोगऱ्याला वास असतो, कागड्याला नसतो.’ वाक्य खरं आहे. पण लग्नाच्या सकाळी ते काही कामाचं नाही, उलट तोंडघशी पाडतं. कारण मोगऱ्याचा वास कळीत नसतो, उमलण्यात असतो.

मोगऱ्याचा दिवस कसा जातो ते बघा. शेतात कळी खुडतात पहाटे, ऊन चढायच्या आत. खुडायची ती पूर्ण वाढलेली, पांढरी झालेली, पण घट्ट मिटलेली. हिरवट कळी खुडली तर ती पुढे नीट उमलत नाही, तशीच सुकते. पांढरी कळी दिवसभर मिटून असते, दुपारी जरा फुगते, आणि दिवेलागणीला उघडायला लागते. वास सुटतो तो तेव्हा, आणि रात्रभर दरवळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल सताड उघडलेलं, कडा बदामी व्हायला लागलेल्या. चीनमध्ये मोगऱ्याचा चहा करतात तोही ह्याच हिशेबाने. कळ्या दिवसा खुडून आणायच्या आणि रात्री उमलताना चहाच्या पत्तीत मिसळायच्या, म्हणजे पत्ती तो वास पिऊन घेते. दिवसा मिसळून हाती काही लागत नाही, हे त्या लोकांना शेकडो वर्षांपासून माहीत आहे. आपल्या मांडवात अजून पोचलेलं नाही.

आता हे मुहूर्ताला लावून बघा. लग्न रविवारी दुपारी १२:३५ ला. केस बांधायला बाई येणार सकाळी आठला. समजा, फुलवाला प्रामाणिक आहे आणि त्याने रविवारी पहाटे खुडलेल्या कळ्यांचे गजरे दिले. आठ वाजता त्यांना वास येणार अगदी पुसट. मंगलाष्टकांच्या वेळीही कळ्या मिटलेल्याच, पांढऱ्याशुभ्र, नाकाजवळ धरलं तर थोडा वास. खरा घमघमाट सुटणार संध्याकाळी, तुम्ही मांडवातली आवराआवर करत असताना.

दुसरा फुलवाला शनिवारच्या कळ्या देतो. त्या शनिवारी रात्री डब्यातच उमलल्या. रविवारी सकाळी झाकण काढलं की रात्रभर कोंडलेला वास एकदम अंगावर येतो. ‘हा खरा मोगरा!’ म्हणून सगळ्या डोलतात. साडेबारापर्यंत पाकळ्या मान टाकतात आणि फोटोंमध्ये नवरीच्या आंबाड्याभोवती तपकिरी चिंध्या दिसतात. नाकाने निवड केली की हटकून कालचा माल पदरात पडतो, तो असा.

म्हणून फुलवाल्याला ‘मोगरा आहे का?’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. चैत्रात त्याच्याकडे मोगरा असणारच. विचारायचं ते, ‘दादा, कळी आजची की कालची?’ आणि, ‘जवळपासची की पुण्याहून आलेली?’ गुलटेकडीच्या मार्केटयार्डातून खंबाटकी ओलांडून आलेला माल वाईट असतो असं नाही. पण कळी कुठल्या पहाटे खुडली आणि वाटेत बर्फाच्या डब्यात होती की उघड्या पाटीत, ह्यावर सगळं ठरतं. गारठ्यात उमलणं लांबतं, उकाड्यात लवकर होतं. एप्रिलमध्ये टेम्पोच्या टपावर आलेली कळी मुहूर्ताची वाट बघत नाही.

अत्तराचा किस्सा माझ्या स्वतःच्या भाचीच्या लग्नातला. फाल्गुन होता, गजरे मी स्वतः सांगितले होते, त्यामुळे दोष कुणावर टाकायची सोय नाही. सकाळी डबा उघडला तर वास असा की डोकं धरलं. बायका म्हणाल्या, ‘वा, आत्याबाईंची निवड!’ मीही मिरवलं. तासाभराने वास साफ उडाला आणि माझ्या मानेवर तेलकट डाग उरला. कळी चष्मा लावून बघितली, किडकिडीत, टोकदार. कागडा. फुलवाल्याचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती. मोगऱ्याला सकाळी आठला एवढा वास येऊच कसा शकतो, हे मला तरी सुचायला हवं होतं.

ह्या प्रकारामुळे कागड्याची बदनामी झाली, ती मला मुळीच पटत नाही. मोगरा म्हणून कागडा देणं लबाडी आहे. कागडा म्हणून कागडा घेणं शहाणपण आहे. मोगऱ्याच्या मानाने तो उन्हाला धीराने घेतो, वजनाला हलका असतो, आणि स्वस्तही पडतो. मांडवाच्या खांबांना लड्या सोडायच्या आहेत? कागडा. नवरदेवाची गाडी? तिथे मोगरा घालणाऱ्यांना मी उधळे म्हणते. पोवई नाक्यापर्यंत धुरात जायचंय, वास कुणाला येणार आहे?

मुंडावळ्यांच्या बाबतीत तर माझं मत पक्कं आहे. मोगऱ्याच्या मुंडावळ्या बांधू नयेत. त्या बांधल्यापासून अक्षता पडेपर्यंत दोन-अडीच तास सहज जातात, कपाळाला घाम असतो, आणि कळी फुगली की दोऱ्यावरून सरकते. नवरा मुलगा अंतरपाटामागे उभा राहून पापण्यांवरच्या कळ्या फुंकतोय, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. कागड्याच्या किंवा सुट्ट्या गुलछडीच्या बांधा. नाहीतर सरळ मोत्यांच्या.

केसांत काय माळायचं हे मुहूर्तावर ठरवा. गोरज मुहूर्त असेल तर प्रश्नच मिटला, त्या दिवशीच्या पहाटेचा मोगरा. अंतरपाट दूर होतो त्याच सुमाराला कळी उमलते, ह्याहून चांगला योग पत्रिकेत सापडायचा नाही. दुपारचा मुहूर्त असेल तर सकाळी कागडा माळा आणि त्यात मरवा किंवा दवणा गुंफून घ्या. चैत्रात ज्योतिबाला वाहायला दवणा येतोच, त्याच दिवसांत तो सहज मिळतो. त्या वासाला मोगऱ्याचा गोडपणा नाही, पण उन्हात तो टिकतो, आणि मला तर तोच जास्त आवडतो. मोगऱ्याचे गजरे ओल्या मलमलीत आणि केळीच्या पानात गुंडाळून माठाशेजारी ठेवून द्या. संध्याकाळी रिसेप्शनला साडी बदलताना गजराही बदला. फक्त त्यावर पाणी शिंपडू नका. ओल्या पाकळीवर डाग पडतो. दर लग्नात एक तरी मावशी ताजेपणासाठी म्हणून भांडंभर पाणी ओततेच.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत, पण कानावर आले की राहवत नाही. जाई-जुई पावसाळ्यातली फुलं, ती वैशाखात मागू नका. निशिगंध, रजनीगंधा आणि गुलछडी हे एकच फूल आहे, रातराणी मात्र वेगळी. ती कुंपणाला शोभते, हारात कोणी ओवत नाही. गुलछडीत सिंगल आणि डबल असतं. हाराला सुट्टी फुलं लागतात ती सिंगल, तिलाच खरा वास. डबल दिसायला भरगच्च, काडीसकट फुलदाणीत उभी करायला छान, पण वासाला बेताची. डबलचा हार करून आणणाऱ्याने पैसे जास्त घालवलेले असतात एवढंच. गजरा आणि वेणी ह्यांतला फरक आजीला विचारा.

आणि एक. पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास म्हणतात, ‘तुम्ही काय बाबा कासवाले, तुमच्याकडे फुलांना तोटा नाही.’ कास पठाराचा बहर साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, पावसाच्या जिवावर. एप्रिलमध्ये तिथे उघडा कातळ आणि वाळलेलं गवत. शिवाय तिथलं फूल तोडायचं नसतंच. जागतिक वारशात २०१२ साली नाव लागलंय ते गजऱ्यांसाठी नव्हे. वसंतात साताऱ्याच्या आसपास रानात खरंच काही बघायचं असेल तर पळस आणि पांगारा बघा, पुढे उन्हं वाढली की बहावा. तेही झाडावरच. बहाव्याचे पिवळे घोस मांडवात टांगायची टूम मध्ये एका घरी निघाली होती. जेवणावळ बसेपर्यंत निम्म्या पाकळ्या मठ्ठ्यात.

तर फुलवाल्याकडे जाताना एवढं कागदावर लिहून न्या. मुहूर्त किती वाजता, गजरे माळणार किती वाजता, आणि संध्याकाळचे वेगळे किती. मोगरा हवा असेल तर ‘त्याच पहाटेची पांढरी कळी, हिरवट नको, अत्तर नको’. कागडा हवा असेल तर तसं स्वच्छ सांगा, लाजू नका. तो बिचारा तुमच्या तोंडून ‘मोगराच’ ऐकून ऐकूनच खोटं बोलायला शिकलाय. गजरे केळीच्या सोपटाच्या धाग्यात गाठवून मागा. सुईने ओवलेल्या कळीला भोक पडतं आणि तिथून ती आधी काळी पडते.

आणि सकाळी आठ वाजता डबा उघडल्यावर, वास येत नाही म्हणून मला फोन करू नका. संध्याकाळी सातला आला नाही तर करा.