बटाटा व घेवडा : वाण संशोधन

बटाटा (सोलॅनम ट्यूबरोसम) आणि घेवडा किंवा राजमा (फॅसिओलस व्हल्गॅरिस) या पिकांचे नवे वाण पैदा करणे, असलेले वाण शुद्ध व निरोगी राखणे आणि कोणता वाण कोणत्या जमिनीत, हंगामात व बाजारात चालेल हे शेतावर पडताळणे, ही या संशोधनाची तीन अंगे. दोन्ही पिके मूळ अमेरिका खंडातली असली तरी पैदासकाराच्या दृष्टीने त्यांचा स्वभाव उलटा आहे. घेवड्यात गुणसूत्रे २२ आणि फुलात स्वपरागण होते. एकदा वाण स्थिर झाला की शेतकऱ्याला घरचे बी वापरता येते. बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, म्हणजे ४८ गुणसूत्रे असतात. त्याच्या फळातल्या बियांपासून उगवलेले प्रत्येक रोप निराळे निघते, म्हणून लागवड कंदापासून करतात. कंदातून वाणाचे गुण जसेच्या तसे उतरतात, पण त्यांच्याबरोबर विषाणूही उतरतात. बटाट्याच्या संशोधनातला मोठा भाग खरे तर निरोगी बेण्याचा, म्हणजे लागवडीच्या कंदांचा आहे. नव्या वाणांच्या नावांपुढे ही बाजू नेहमी झाकोळते.

भारतात १९३५ मध्ये सिमला, कुफरी व भोवाली येथे बटाट्याची पैदास व बेणे केंद्रे निघाली. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्यात स्थापन झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला हलली. या स्थलांतराला शास्त्रीय कारण होते. मैदानात बटाटा हिवाळ्यात, लहान दिवसांत वाढतो आणि त्याला नीट फुले येत नाहीत. सिमल्याजवळच्या कुफरीला उन्हाळ्याच्या लांब दिवसांत तो भरपूर फुलतो, म्हणून संकर तिथे करता येतो. भारतीय वाणांच्या नावापुढे ‘कुफरी’ लागते ते यामुळे. संकरातून मिळालेल्या हजारो रोपांतून दरवर्षी निवड करत करत एखादा वाण बाहेर पडायला दहा-बारा वर्षे सहज जातात.

१९६८ मध्ये प्रसारित झालेला कुफरी ज्योती हे या कामाचे ठळक यश. तो उशिरा येणाऱ्या करप्याला, म्हणजे पाने व कंद नासवणाऱ्या रोगाला, प्रतिकारक म्हणून आला. करप्याची बुरशी बदलत गेली, तसा तो प्रतिकार ओसरला, तरी अनेक भागांत वाण टिकून राहिला. १९९८ मध्ये आलेल्या कुफरी पुखराजचे कंद लवकर पोसतात. त्याच वर्षीचे कुफरी चिप्सोना-१ व २ हे वाण वेफर्सच्या कारखान्यांसाठी आहेत. वेफर्सच्या बटाट्यात शुष्कांश (पाणी वगळून उरणारा भाग) २० टक्क्यांच्या वर हवा आणि क्षपणकारी शर्करा (ग्लुकोजसारखी साखर) १०० ग्रॅम ताज्या बटाट्यामागे १०० मिलिग्रॅमहून कमी हवी, नाहीतर चकत्या तळताना काळपट पडतात. हे पाहण्याची पद्धत साधी आहे: कंद एकदा हवेत आणि एकदा पाण्यात बुडवून तोलतात, त्यावरून शुष्कांशाचा अंदाज येतो, मग चकत्या तळून रंग पाहतात. बेण्यासाठी योग्य अशा २ ते ४ अंश सेल्सिअसच्या शीतगृहात ठेवलेल्या बटाट्यातली साखर वाढते, म्हणून वेफर्सचा माल १० ते १२ अंशांवर साठवावा लागतो.

बेण्याचा प्रश्न सुटला तो मावा या किडीच्या अभ्यासातून. पानमुरडा आणि ‘वाय’ हे विषाणू मावा पसरवतो. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मावा फार कमी असतो, हे ध्यानात घेऊन बटाट्याचे शास्त्रज्ञ पुष्करनाथ यांनी ‘सीड प्लॉट’ पद्धत बसवली. निरोगी बेणे वेळेवर लावायचे, रोगट झाडे कंदासकट उपटायची, आणि शंभर संयुक्त पानांमागे मावा वीसच्या घरात जाण्याआधी पाला कापून टाकायचा. यामुळे बेण्यासाठी डोंगरी भागावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. पुढे ऊतिसंवर्धनाने (प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून) विषाणूमुक्त रोपे करणे, मुळांवर पोषकद्रव्यांचे तुषार सोडून हवेत छोटे कंद वाढवणे, ही तंत्रे त्यात मिळाली.

महाराष्ट्राचे दुखणे वेगळे आहे. पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव, जुन्नर भागात, विशेषतः सातगाव पठारावर, बटाटा खरिपात घेतात. जून-जुलैत लागवड आणि पावसातच वाढ. रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर राहिले की कंद धरणे मंदावते. त्यात करपा आणि कोळी ही बारीक कीड. बेणे मुख्यतः पंजाबातून मंचरच्या बाजारात येते. घरचा बटाटा आरणीत, म्हणजे शेतावर ढीग रचून ठेवला तर उन्हाळ्याच्या उष्म्याने सडतो आणि पाकोळी हा किडीचा पतंग कंदाच्या डोळ्यांजवळ अंडी घालतो. लागवडीच्या खर्चात बेण्याचा वाटा सर्वांत मोठा, आणि ते कुठल्या प्लॉटवरचे आहे हे विकत घेणाऱ्याला पोत्यावरून कळत नाही. राजगुरुनगरला केंद्रीय संस्थेचे केंद्र होते ते या पट्ट्यासाठीच. २००६ चा कुफरी सूर्या हा उष्णता सोसणारा वाण त्या दिशेचा आहे, पण देशातले बहुतेक काम उत्तरेच्या रब्बीला धरून झाले. दख्खनच्या खरिपासाठी खास निवड व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

घेवड्याकडे लक्ष त्याहून कमी गेले. कडधान्य असूनही आपल्या जमिनीत त्याच्या मुळांवर हवेतले नत्र मिळवून देणाऱ्या गाठी नीट धरत नाहीत. तूर-हरभऱ्याला हेक्टरी २० ते २५ किलो नत्र पुरते, याला १०० ते १२० किलोपर्यंत शिफारस असते. कानपूरच्या कडधान्य संशोधनातून आलेल्या ‘उदय’ या वाणाने उत्तरेच्या मैदानात रब्बी राजमा रुजवला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘वरुण’ हा महाराष्ट्रासाठीचा वाण सुमारे ७० दिवसांत निघतो. एवढ्या कमी दिवसांच्या पिकानंतर त्याच रानात रब्बी ज्वारी घेता येते, आणि सातारा भागातल्या शेतकऱ्याला हाच हिशेब महत्त्वाचा वाटतो.

सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दाण्यावर तांबूस पट्टे, म्हणून वाघ्या. इथे संशोधकाला मोकळीक कमी असते. पट्टा फिका पडला किंवा दाणा एकरंगी निघाला, तर उत्पादन कितीही वाढले तरी व्यापारी तो माल वाघ्या म्हणून घेत नाही. म्हणून बाहेरच्या वाणाशी संकर करण्यापेक्षा स्थानिक बियाण्यातूनच चांगली झाडे निवडून ओळी, म्हणजे एकेका झाडाची संतती, शुद्ध करणे अधिक शहाणपणाचे. निवडीत दाण्याचा रंग, एकाच वेळी पक्व होणे आणि भिजवून शिजायला लागणारा वेळ पाहतात; जुना, उष्म्यात पडलेला दाणा कितीही शिजवला तरी टणक राहतो. शेंगांवरचा करपा आणि मोझॅक हे दोन्ही रोग बियाण्यातून पसरतात. म्हणून बियाण्यासाठीच्या शेंगा मळणीपूर्वी वेगळ्या काढतात आणि खोलगट काळे डाग असलेली शेंग, आतला दाणा स्वच्छ दिसत असला तरी, बाजूला टाकतात.