बक्षीस समारंभाचा मेल गेला कुठे?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत रांगोळी स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला जेमतेम निम्मी मंडळी जमली. सेक्रेटरींनी मेल सगळ्यांना धाडला होता, पण कित्येकांकडे तो स्पॅममध्ये पडून होता. विषयाची ओळ होती, ‘बक्षीस! आजच या!’ आता यात नको ते मेल बाजूला काढणाऱ्या गाळणीला, म्हणजे स्पॅम फिल्टरला, तरी दोष कसा द्यायचा?

गाळणीला मराठी कळत नाही, ती फक्त मोजते. समजा, 100 स्पॅम मेलपैकी 40 मध्ये ‘बक्षीस’ आहे आणि 100 चांगल्या मेलपैकी एकातच. मग हा शब्द असलेला मेल स्पॅम निघण्याची शक्यता 41 पैकी 40, म्हणजे जवळपास 98 टक्के. असे अनेक शब्दांचे कौल एकत्र करून निकाल लावायचा. हे गणित थॉमस बेझ या इंग्लिश पाद्र्याचं. त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये ते छापलं गेलं. स्पॅम निवडायला ते वापरण्याची कल्पना प्रोग्रामर आणि लेखक पॉल ग्रॅहम यांच्या 2002 मधल्या लेखामुळे घरोघरच्या प्रोग्रामरांपर्यंत पोचली. आजच्या मोठ्या मेलसेवा याखेरीज बरंच काही तपासतात, पण लोकांनी दाखवलेल्या चुकांवर शिकणं त्यांनाही सुटलेलं नाही.

आता स्पॅममध्ये अडकलेले गणपतीच्या बक्षिसाचे 20 मेल आपण बाहेर काढून ‘स्पॅम नाही’ म्हटलं, तर? चांगले मेल झाले 120, त्यांतल्या 21 मध्ये ‘बक्षीस’. म्हणजे स्पॅममध्ये शंभरात 40, तर चांगल्यांत शंभरात साडेसतरा. 98 टक्क्यांचा संशय एकदम 70 वर येतो. बरोबर ओळखलेल्या शंभर मेलपेक्षा चुकलेले वीस जास्त शिकवून जातात, ते असे.

गंमत अशी, की स्पॅमवर बोट ठेवायला सगळे तत्पर. चुकून अडकलेला चांगला मेल मात्र वाचून तिथेच सोडतात. एकाच बाजूचे नमुने मिळाले तर गाळणी एकांगी होते. स्पॅमअसॅसिन ही जुनी, मोफत गाळणी तर दोन्ही प्रकारचे किमान दोनशे-दोनशे मेल शिकल्याशिवाय हे शब्दांचं गणित वापरायलाच घेत नाही. शिवाय आपणच मागवलेल्या साडीच्या दुकानाच्या जाहिराती, रद्द करायचा कंटाळा म्हणून, आपण स्पॅम ठरवतो.

गाळणीला नमुना पाठवायची रीतही महत्त्वाची. मेलच्या माथ्यावर एरवी न दिसणाऱ्या ओळी असतात: तो कुठून निघाला, कोणकोणत्या सर्व्हरवरून आला. पाकिटावरच्या शिक्क्यांसारख्या. मेल फॉरवर्ड केला की जुनं पाकीट जातं आणि नव्यावर पाठवणारे म्हणून आपण येतो. म्हणून ‘स्पॅम’ किंवा ‘स्पॅम नाही’चं बटण दाबावं, नाहीतर मूळ मेल जोडपत्र म्हणून अख्खा पाठवावा.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लॉटरीचा प्रत्येक मेल ‘सावध राहा’ म्हणून सेक्रेटरींना फॉरवर्ड करतात. सेक्रेटरी तो निमूटपणे स्पॅममध्ये टाकतात. हल्ली काकूंच्या पाणीगळतीच्या तक्रारीही थेट तिकडेच जातात.