ध्वनिमुद्रण सेशनचा ऑनलाइन बॅकअप व देवाणघेवाण : बेळगाव सीमाभाग

गाणे मुद्रित होत असताना साठलेले सगळे सुटे आवाज, ते कसे जुळवले याची संगणकातील नोंद आणि सोबतचे शब्द-चालीचे टिपण हा पूर्ण संच इंटरनेटवरील साठ्यात ठेवणे व तेथून सहकाऱ्यांना देणे, म्हणजे सेशनचा ऑनलाइन बॅकअप व देवाणघेवाण. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील भजनी मंडळे, शाहीर, लोककलावंत आणि घरच्या खोलीत स्टुडिओ मांडलेली तरुण मुले यांच्या दृष्टीने हा विषय आता चैनीचा राहिलेला नाही. बोलताना याला नुसते ‘ड्राइव्हवर टाकणे’ म्हणतात. त्या दोन शब्दांत जपणूक आणि पाठवणूक या दोन निराळ्या गोष्टी एकत्र येतात आणि बहुतेक नुकसान त्याच घोटाळ्यातून होते.

सेशन म्हणजे तयार गाणे नव्हे. एखाद्या अभंगात बुवांचा आवाज, पेटी, पखवाज, टाळ आणि मागे धरणाऱ्यांचा आवाज प्रत्येकी वेगळ्या ट्रॅकवर असतो. मिक्स करून त्यांचे एक गाणे होते. ते एकदा झाले आणि सुटे ट्रॅक गेले, की पखवाज थोडा मागे घ्यायचा म्हटले तरी जमत नाही. कालवलेल्या भातातून ताक परत काढता येत नाही, तसे ते आहे. आवाज वेगळे काढणारी नवी सॉफ्टवेअर आली आहेत, पण त्यांनी काढलेल्या टाळांत मूळ टाळांचा झणत्कार उरत नाही. सेशनची मुख्य फाइल आकाराने लहान असते. तिच्यात आवाज नसतो; कोणता आवाज कोणत्या फोल्डरमधून कुठे वाजवायचा, एवढा हिशेब असतो. त्यामुळे तेवढीच फाइल ड्राइव्हवर टाकून निर्धास्त राहिलेल्या माणसाला वर्षभराने रिकामे ट्रॅक आणि ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप मिळतो. मुद्रणानंतर फोल्डरचे नाव किंवा जागा बदलली तरी हीच वेळ येऊ शकते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सगळे आवाज एका फोल्डरात गोळा करून जतन करण्याची सोय असते. ती वापरूनच फोल्डर वर चढवावा.

या भागाला गाण्याची कमतरता कधीच नव्हती. कुमार गंधर्व 1924 मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. रामकृष्णबुवा वझे बेळगावात राहिले. हार्मोनियमवादक पं. रामभाऊ विजापुरे यांनी आयुष्यभर येथेच पेटी शिकवली. धारवाडचे आकाशवाणी केंद्र 1950 पासून आहे, मराठी कार्यक्रमांसाठी सांगली केंद्र लावले जाई. केंद्रांकडे निदान संग्रह तरी असतो. घरोघरच्या मैफली, गावच्या भजनाच्या रात्री, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरची चौंडके या तंतुवाद्यावरची गाणी कुणाच्या तरी स्पूलवर किंवा कॅसेटवर उतरली आणि पेटाऱ्यात राहिली. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळाभर हवा ओली असते. तिथे टेपेवर बुरशी धरायला फार वर्षे लागत नाहीत. हार्ड डिस्क ओलीने सहसा जात नाही. ती जाते वळवाच्या विजेने, दाब कमीजास्त झाल्याने किंवा टेबलावरून पडून.

आकाराचा हिशेब आधी करावा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट (सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने, प्रत्येक 24 बिटांचा) या प्रतीचा एक मोनो, म्हणजे एकेरी, ट्रॅक मिनिटाला 8.64 एमबी जागा घेतो. आठ ट्रॅकचे तासभराचे भजन 4.15 जीबीच्या आसपास जाते. गूगल ड्राइव्हवर फुकट मिळणारी 15 जीबी जागा ईमेल आणि फोटोंसह धरलेली असते. तीन तासांच्या भजनातच ती भरत येते. घरच्या जोडणीचा अपलोडचा वेग 10 एमबीपीएस (सेकंदाला 10 मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) असेल तर तासभराचे भजन वर जायला पाऊण ते एक तास लागतो. गावाकडे मोबाइलच्या 1 एमबीपीएसवर नऊ तासांहून अधिक. म्हणून कामाची पद्धत ठरून जाते : रात्री अपलोड लावून झोपायचे आणि सकाळी पूर्ण झाले का ते पाहायचे. फ्लॅक या प्रकारात फाइल साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश होते आणि आवाजाचा एक कणही जात नाही. एमपी3 मध्ये मात्र आवाजाचा काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. ते ऐकायला पाठवावे, साठवायला ठेवू नये. साध्या वेव्ह फाइलला 4 जीबीची मर्यादा आहे. आठही चॅनेल एकाच फाइलीत भरणारे यंत्र तासाभरात तिथे टेकते, म्हणून रात्रभराच्या जागराचे आपोआप तुकडे पडतात. त्यांचे क्रमांक सांभाळावे लागतात.

जपणुकीचा जगभर मानला जाणारा नियम 3-2-1 असा सांगतात : तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. ऑनलाइन साठा ही ती दुसऱ्या ठिकाणची प्रत. पण संगणकाशी सतत जुळवून घेणारा फोल्डर बॅकअप नसतो. संगणकावर चुकून पुसले, की ते तिकडेही पुसले जाते आणि कचरापेटीतली मुदत संपली की परत मिळत नाही. कंपनीच्या भरवशावर एकच प्रत ठेवणेही धोक्याचे. मायस्पेस या संकेतस्थळावर 2003 ते 2015 या काळात लोकांनी चढवलेले संगीत सर्व्हर हलवताना गेले, असे 2019 मध्ये उघड झाले. नाहीशा झालेल्या गाण्यांचा आकडा 5 कोटींच्या घरात सांगितला जातो. ज्यांच्याकडे घरी प्रत नव्हती, त्यांचे काम तिथेच संपले.

देवाणघेवाणीची गरज इथे रोजची आहे. गायक बेळगावात, ढोलकी कोल्हापुरात, मिक्स पुण्यात. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी पोवाडे आणि देखाव्यांचे संवाद मुद्रित होतात तेव्हा तर शेवटच्या दोन रात्री फाइली सारख्या इकडून तिकडे धावत असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून धाडलेला आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो, 2022 पासून 2 जीबीपर्यंत. मोठ्या फाइली पाठवण्यासाठी अनेकांच्या सवयीचे झालेले वीट्रान्सफर हे संकेतस्थळ मे 2020 मध्ये सरकारी आदेशाने भारतात अडवले गेले, तेव्हा दुसरी वाट नसलेल्यांची कामे खोळंबली. सुटे ट्रॅक पाठवताना प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून काढलेला असावा, म्हणजे समोरच्याला ते एकाखाली एक ठेवले की जुळतात. कुणी 44.1 किलोहर्ट्झवर मुद्रण केले आणि समोरचे सेशन 48 वर असले, तर सॉफ्टवेअरने रूपांतर न केल्यास गाणे घाईने पळते आणि सूर जवळजवळ दीड पट्टी चढतो. काळी दोनचे गाणे पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मधे लटकते, पेटीवर कुठेच बसत नाही. दोघे कलाकार एकमेकांच्या सुराला नावे ठेवत राहतात. दोष आकड्याचा असतो.

नावांचा प्रश्न सीमाभागाचा स्वतःचा आहे आणि नोंदकाराच्या मते सर्वांत दुर्लक्षित. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटचे’ अशी नावे सगळीकडेच असतात. इथे त्यात गावांची भर पडते. नोव्हेंबर 2014 मध्ये बेळगाव शहराचे अधिकृत इंग्रजी नाव Belgaum चे Belagavi झाले. तेव्हा त्याआधीचे फोल्डर एका स्पेलिंगने, नंतरचे दुसऱ्या, आणि मराठी माणूस लिहितो बेळगाव. निपाणी-निप्पाणी, चिकोडी-चिक्कोडी, सौंदत्ती-सवदत्ती, येळ्ळूर-यळ्ळूर. शोधणाऱ्याला यातले एकच ठाऊक असेल तर निम्मा साठा त्याच्यासाठी नसल्यासारखाच. फाइलीचे नाव रोमन अक्षरांत, जागा न सोडता, तारीख वर्षापासून सुरू करून द्यावे. गावाची सर्व रूपे, तालुका, गाणाऱ्यांची नावे, पट्टी, ताल आणि भाषा सोबतच्या मजकूर-फाइलीत लिहावी. यल्लम्माची गाणी म्हणणाऱ्या एकाच जोगतीच्या तोंडी एक कडवे मराठी आणि पुढचे कन्नड येते. त्या गाण्याला एकच भाषा चिकटवली तर उद्या दोन्हीकडच्या अभ्यासकांपैकी एकाच्या हाती ते लागणार नाही. ते गाणे दोघांचेही आहे, तेव्हा दोन्ही भाषांची नोंद हवी.

हक्कांबाबत : 1957 च्या कॉपीराइट कायद्याने प्रसिद्ध ध्वनिमुद्रणावरील हक्क 60 वर्षे राहतो, तर सादरकर्त्याचा हक्क 50 वर्षे. परंपरेने आलेल्या गाण्याला कवी ठाऊक नसला तरी ते गाणाऱ्या बाईचा सादरीकरणावर हक्क आहे. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ अशी खुली वाट ठेवून तिचे गाणे पाठवणे म्हणजे ते तिला न विचारता चावडीवर ठेवणे होय. देवीची काही गाणी ठरावीक वेळीच आणि ठरावीक लोकांपुढेच म्हणायची असतात, हेही गाणारीच सांगू शकते. म्हणून विचारणा मुद्रणाआधी व्हावी. तिचे नाव, गाव आणि ‘हे कुणाकुणाला ऐकवायला चालेल’ याचे उत्तर तिच्याच आवाजात, तिच्याच भाषेत, सेशनच्या पहिल्या ट्रॅकवर घ्यावे; मग प्रत कुठेही गेली तरी तिचा शब्द गाण्याबरोबरच जातो.