दहा शेअरवाल्याचं कोण ऐकतं?

‘संचालकांनी फक्त नफा पाहायचा असतो, कामगारांची काळजी वाटते तर शेअर विका,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १६६(२) वाचा: संचालकांनी कर्मचारी, समाज, पर्यावरण यांचंही हित पाहायचं आहे.

मग आपले शेअर असलेली कंपनी शेअर बाजारात बाजारमूल्याने पहिल्या हजारात असेल, तर तिचा वार्षिक अहवाल उघडा. व्यवसायाच्या जबाबदारीविषयक भागातलं (इंग्रजीत BRSR) पाचवं तत्त्व मानवी हक्कांचं. कायम आणि बिगर-कायम कामगारांचे रकाने वेगळे. किती जण नेमक्या किमान वेतनावर आहेत, बालमजुरी-वेठबिगारीच्या तक्रारी किती, सगळं तिथेच. मला तर ताळेबंदाइतकंच महत्त्वाचं वाटतं हे पान.

आकडा खटकला तर वार्षिक सभेत विचारा. एका शेअरवरही तो हक्क आहे. एकट्याच्या मताने ठराव पडणार नाही, खरंय. पण शेअर विकला की विचारायचीही सोय जाते.